मित्रांना घरचा गेम सर्व्हर सापडत नाही? आतून बाहेर तपासत जा

सर्व्हरची काळी खिडकी उघडी आहे, शेवटच्या ओळीत ‘डन’ आलेलं आहे, तुम्ही स्वतः आत जाऊन दोन झाडंही तोडलीत. आणि फोनवर मित्र म्हणतोय, “अरे, कनेक्टच होत नाहीये.”

अशा वेळी नवखा माणूस हाताला येईल ते करत सुटतो. फायरवॉल, म्हणजे नको ती जोडणी अडवणारा पहारेकरी, बंद करतो, राउटर रीसेट करतो, गेम पुन्हा इन्स्टॉल करतो, कुठल्याशा व्हिडिओत सांगितलेल्या सहा सेटिंग बदलतो. त्यातलं एखादं लागू पडलं तरी नेमकं कोणतं ते कळत नाही. लागू पडलं नाही, तर एका बिघाडाचे तीन होतात. म्हणून सुरुवातीलाच एक वही किंवा मोबाइलमधली नोट उघडा. जे बदलाल ते लिहा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि उपयोग झाला नाही तर ती लगेच होती तशी करा.

मित्राच्या कॉम्प्युटरवरून निघालेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, तुमच्या सर्व्हरपर्यंत येताना आधी तुमच्या इंटरनेट कंपनीचं जाळं ओलांडतं, मग तुमचा राउटर, मग तुमच्या कॉम्प्युटरची फायरवॉल, आणि शेवटी सर्व्हरचा प्रोग्राम. तपासणी याच्या उलट दिशेने करायची, म्हणजे आतून बाहेर. आतलं ठिकाण पक्कं झाल्याशिवाय बाहेरच्याला हात लावायचा नाही. खाली मी माइनक्राफ्टची जावा आवृत्ती उदाहरणाला घेतली आहे, कारण बहुतेकांचा पहिला सर्व्हर तोच असतो. बाकी गेमला पोर्टचे, म्हणजे प्रोग्राम ज्या क्रमांकाच्या दारावर ऐकतो त्याचे, आकडे बदलतात, वाट तीच राहते.

मित्राच्या स्क्रीनवर काय आलंय?

“होत नाहीये” एवढ्यावर थांबू नका, त्याच्याकडून स्क्रीनशॉट मागवा. त्यातल्या एका ओळीवरून निम्मी दिशा कळते.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे दार वाजवलं आणि आतून “इथे कुणी राहत नाही” असं उत्तर आलं. पॅकेट कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोचलं, त्या यंत्राने उत्तरही दिलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नव्हतं. बहुतेक वेळा सर्व्हर बंद असतो, पोर्टचा आकडा चुकलेला असतो किंवा राउटर पॅकेट घरातल्या भलत्याच यंत्राकडे पाठवत असतो.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे दार वाजवत राहिलो आणि आतून काहीच उत्तर आलं नाही. फायरवॉलने पॅकेट गुपचूप टाकून दिलं, राउटरला ते कुणाला द्यायचं हे माहीत नाही, किंवा पत्ताच चुकला आहे. नवख्यांना सगळ्यात जास्त हाच संदेश दिसतो.

‘अननोन होस्ट’ आलं तर पत्त्याचं नाव टाइप करताना चूक झाली आहे किंवा ते नाव आयपी पत्त्याशी, म्हणजे यंत्राच्या आकड्यांतल्या पत्त्याशी, जोडलेलं नाही. आणि ‘आउटडेटेड क्लायंट’ किंवा ‘व्हाइटलिस्टमध्ये नाही’ असं काही आलं तर ती आनंदाची बातमी समजा. पॅकेट थेट प्रोग्रामपर्यंत पोचलं, म्हणजे नेटवर्क ठीक आहे. फक्त गेमची आवृत्ती जुळवा किंवा मित्राचं नाव व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे परवानगी असलेल्यांच्या यादीत, घाला. राउटरला हात लावायची गरज नाही.

एक अडचण लक्षात ठेवा. हा फरक टीसीपी, म्हणजे आधी जोडणी पक्की करून मगच माहिती पाठवणारी पद्धत, वापरणाऱ्या गेमना लागू पडतो. व्हॅलहाइम, फॅक्टोरिओ, माइनक्राफ्टची बेडरॉक आवृत्ती हे यूडीपी, म्हणजे जोडणी न करता थेट माहिती पाठवणारी पद्धत, वापरतात. तिथे दार वाजवण्याची ती पद्धतच नाही, त्यामुळे बिघाड कुठलाही असला तरी बहुधा ‘टाइमआउट’च दिसतो.

पायरी १: त्याच कॉम्प्युटरवरून

ज्या यंत्रावर सर्व्हर चालू आहे त्याच यंत्रावर गेम उघडा आणि पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट किंवा १२७.०.०.१ टाका. इथे राउटर नाही, इंटरनेट नाही. इथेच जोडलं जात नसेल तर दोष सर्व्हरमध्येच आहे आणि त्याचं कारण लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतः लिहीत असलेल्या नोंदींत, लिहिलेलं असतं.

लॉग वरून खाली वाचा. शेवटच्या ओळी सगळ्यात भीतीदायक दिसतात, पण त्या बहुतेकदा परिणाम असतात. खरं कारण त्यांच्या वर कुठेतरी असतं. पहिल्यांदाच सर्व्हर चालवत असाल तर तो क्षणात बंद होतो, कारण फोल्डरमधल्या ‘ईयूएलए’ नावाच्या फाइलीत अटी मान्य असल्याचं ‘ट्रू’ लिहावं लागतं. ‘फेल्ड टू बाइंड टू पोर्ट’ दिसलं तर दोन शक्यता. एक, आधीचा सर्व्हर मागे अजून चालूच आहे. टास्क मॅनेजरमध्ये जावाची जुनी प्रक्रिया शोधून बंद करा. दोन, सेटिंगच्या फाइलीत ‘सर्व्हर-आयपी’ या ओळीपुढे तुम्ही इंटरनेटवरचा पत्ता लिहिला आहे. ही चूक अगदी साहजिक आहे, कारण त्या ओळीचं नावच तसं आहे. पण तो पत्ता तुमच्या कॉम्प्युटरचा नसतो, राउटरचा असतो. ती ओळ रिकामी सोडा.

तिसरं नेहमीचं दुखणं जावाच्या आवृत्तीचं. ‘क्लास फाइल व्हर्जन ६१’ असं काही दिसलं तर सर्व्हरला जावा १७ हवं आहे, ६५ दिसलं तर २१. माइनक्राफ्ट १.१८ पासून जावा १७ लागतं, १.२०.५ पासून २१. गेम खेळायला जावा वेगळं घ्यावं लागत नाही, कारण गेमचा लाँचर स्वतःचं जावा सोबत आणतो. सर्व्हर मात्र कॉम्प्युटरवर जे जावा असेल तेच उचलतो, म्हणून गेम चालतो आणि सर्व्हर चालत नाही असा प्रकार होतो.

पायरी २: घरातल्या दुसऱ्या यंत्रावरून

आता घरातलाच दुसरा कॉम्प्युटर घ्या. त्यासाठी सर्व्हरच्या यंत्राचा घरातला पत्ता हवा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केलं की तो दिसतो, पण कधीकधी एकाऐवजी चार पत्ते दिसतात, कारण व्हीपीएन आणि व्हर्च्युअल मशीनचे प्रोग्राम आपापले खोटे नेटवर्क कार्ड तयार करतात. ज्याच्या खाली ‘डीफॉल्ट गेटवे’पुढे आकडा आहे तो खरा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, किंवा १० ने, किंवा १७२.१६ ते १७२.३१ च्या दरम्यान असेल. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या यंत्राला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, आधी ते बघा.

हा पत्ता दुसऱ्या यंत्रावरच्या गेममध्ये टाका. पहिली पायरी जमली आणि ही अडली तर जवळजवळ नक्की फायरवॉल. (दुसरं यंत्र पाहुण्यांसाठीच्या वायफायवर नाही ना, तेवढं बघून घ्या. बऱ्याच राउटरवर ते वायफाय मुद्दाम घरातल्या इतर यंत्रांपासून तोडलेलं असतं.)

विंडोजच्या फायरवॉलबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण माझा स्वतःचा एक अख्खा रविवार यात गेला आहे. सर्व्हर पहिल्यांदा चालवला की विंडोज विचारतं, या प्रोग्रामला परवानगी द्यायची का? घाईत आपण ‘कॅन्सल’ दाबतो. त्याने प्रश्न टळत नाही, उलट विंडोज त्या प्रोग्रामला अडवणारा नियम लिहून ठेवतं. पुढे तुम्ही पोर्ट उघडणारा नवा नियम कितीही काळजीने बनवा, अडवणारा नियम परवानगीच्या नियमाला भारी पडतो. म्हणून फायरवॉलच्या प्रगत सेटिंगमध्ये आत येणाऱ्या नियमांची यादी उघडा, त्यात जावाच्या नावापुढे लाल खूण असलेल्या ओळी शोधा आणि त्या काढून टाका. मग २५५६५ या टीसीपी पोर्टला परवानगी देणारा एक नियम बनवा.

माझ्याकडे मात्र लाल खूण नव्हती, हिरवी होती आणि तरीही सर्व्हर अडत होता. शेवटी त्या हिरव्या ओळीवर दोनदा क्लिक करून फाइलचा मार्ग वाचला. मार्ग जुन्या जावाच्या फोल्डरचा होता. आदल्या आठवड्यात मी जावा अपडेट केलं होतं, त्याचं फोल्डर बदललं होतं, आणि परवानगी आता अस्तित्वात नसलेल्या फाइलीच्या नावावर होती. तेव्हापासून मी नियम प्रोग्रामच्या नावाने नाही, पोर्टच्या आकड्याने बनवतो. नियम ‘प्रायव्हेट’ नेटवर्कसाठी असेल आणि विंडोज तुमच्या वायफायला ‘पब्लिक’ समजत असेल तरीही हेच होतं, तेही तिथेच तपासता येतं.

फायरवॉल सरसकट बंद करून बघायचीच असेल तर पाच मिनिटं करा, निकाल वहीत लिहा आणि लगेच चालू करा.

पायरी ३: राउटर

इथे दोन कामं आहेत आणि क्रम महत्त्वाचा आहे. पहिलं, राउटरला सांगा की सर्व्हरच्या यंत्राला कायम तोच घरातला पत्ता दे. याला बहुतेक राउटरवर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ म्हणतात. हे न करता पोर्ट उघडला तर आज सगळं चालेल, पुढच्या आठवड्यात वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू होईल, सर्व्हरला नवा पत्ता मिळेल आणि पॅकेट कदाचित टीव्हीकडे जाऊ लागतील. “परवापर्यंत चालत होतं, मी काहीच बदललं नाही” या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. वायफायवर असाल तर विंडोजमधली ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ ही सोय बंद ठेवा. राउटर यंत्राला ज्या ओळखीवरून पत्ता देतो तीच ही सोय बदलत राहते.

दुसरं काम पोर्ट फॉरवर्डिंगचं, म्हणजे बाहेरून त्या पोर्टवर आलेलं पॅकेट कुठल्या यंत्राकडे द्यायचं ते राउटरला सांगण्याचं. ब्राउझरमध्ये डीफॉल्ट गेटवेचा पत्ता टाकला की राउटरचं पान उघडतं. त्यात बाहेरचा पोर्ट, आतला पोर्ट, आतला पत्ता आणि टीसीपी की यूडीपी एवढंच भरायचं असतं. चूक होते ती शेवटच्या रकान्यात. माइनक्राफ्ट जावाला २५५६५ टीसीपी, बेडरॉकला १९१३२ यूडीपी, टेरारियाला ७७७७ टीसीपी, व्हॅलहाइमला २४५६ व २४५७ यूडीपी, फॅक्टोरिओला ३४१९७ यूडीपी. आकडा बरोबर आणि प्रकार चुकीचा असेल तर नियम असून नसल्यासारखा.

मग चाचणी. ती घरच्या वायफायवरून करू नका. स्वतःच्याच घरातून स्वतःचा बाहेरचा पत्ता टाकला की पॅकेट राउटरपर्यंत जाऊन परत वळावं लागतं आणि बऱ्याच राउटरना ते जमत नाही. बाहेरच्यांना सर्व्हर व्यवस्थित दिसत असतो आणि तुम्ही घरात बसून चालू असलेला नियम मोडून टाकता. मोबाइलचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा, त्याच्या हॉटस्पॉटवर दुसरा लॅपटॉप जोडा आणि त्यावरून प्रयत्न करा. ही खरी बाहेरची चाचणी.

पोर्ट उघडा आहे का ते सांगणाऱ्या वेबसाइटही वापरा, पण सर्व्हर चालू ठेवून. तो बंद असेल तर पोर्ट ‘बंद’ दिसणारच. यूडीपीच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नका, कारण उघडा यूडीपी पोर्ट अनोळखी पॅकेटला बहुधा काही उत्तरच देत नाही.

पायरी ४: बाहेरचा पत्ता तुमचाच आहे का?

नियम बरोबर, फायरवॉल बरोबर, तरी बाहेरून टाइमआउट. आता राउटरच्या पानावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या भागात जो आयपी पत्ता दिसतो तो वहीत लिहा. मग ‘माझा आयपी काय’ असं शोधून येणाऱ्या वेबसाइटवरचा पत्ता त्याच्याखाली लिहा. दोन्ही सारखे असतील तर पुढे जा. वेगळे असतील तर तुमच्या आणि इंटरनेटच्या मध्ये आणखी एक दार आहे.

राउटरमधला पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर ते दार बहुतेक घरातच आहे. इंटरनेट कंपनीचा मोडेम स्वतःच राउटरचं काम करतो आहे आणि त्याच्यामागे तुम्ही दुसरा राउटर लावला आहे. मोडेमला ‘ब्रिज मोड’मध्ये टाका (म्हणजे तो राउटरचं काम सोडून देईल), किंवा पोर्ट दोन्हीकडे उघडा.

तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर गोष्ट वेगळी. ही पट्टी २०१२ मध्ये खास इंटरनेट कंपन्यांसाठी राखून ठेवली गेली. आयपीव्ही ४ या जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, त्यातले पुरेनासे झाले, म्हणून कंपन्या एकाच बाहेरच्या पत्त्यामागे अनेक ग्राहकांना बसवू लागल्या. याला सीजीनॅट म्हणतात. यात दार कंपनीच्या यंत्रावर असतं, तुमच्या राउटरवर नाही, त्यामुळे तुम्ही कितीही नियम लिहिलेत तरी बाहेरचं पॅकेट तुमच्यापर्यंत येतच नाही. काही कंपन्या यासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. हे माहीत नसल्यामुळे लोक आठवडेच्या आठवडे राउटरशी झगडतात आणि शेवटी स्वतःलाच काही येत नाही असं समजून सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यांनी सगळं बरोबर केलेलं असतं.

उपाय तीन. कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागा. काही जण तो देतात, काही जण त्याचे वेगळे पैसे घेतात. किंवा टेलस्केल, झीरोटियर असं काही सगळ्या मित्रांच्या यंत्रांवर बसवा. मग सगळे जण जणू एकाच घरात आहेत असं नेटवर्क तयार होतं आणि पोर्ट उघडायची गरजच उरत नाही. चार-पाच जणांच्या गटाला मी आधी हेच सुचवतो, सीजीनॅट नसलं तरीसुद्धा. तिसरा मार्ग आयपीव्ही ६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा. तिथे पत्त्यांची टंचाई नाही, राउटरच्या फायरवॉलमध्ये फक्त परवानगी द्यावी लागते, पण मित्राकडेही आयपीव्ही ६ चालू हवं.

बाहेरचा पत्ता तुमचाच असला तरी तो अधूनमधून बदलू शकतो. दर वेळी मित्रांना नवा आकडा कळवण्यापेक्षा डायनॅमिक डीएनएसचं, म्हणजे बदलत्या पत्त्याशी आपोआप जोडलेलं राहणारं, एक नाव घेऊन ते राउटरमध्ये भरून ठेवा.

जोडले गेले, पण अडकतंय

लॅग, म्हणजे हे अडकणं, दोन प्रकारचा असतो आणि दोघांचे उपाय एकमेकांच्या काही कामाचे नाहीत. ओळखायची सोपी खूण अशी: घरातून केबलने जोडलेल्या खेळाडूलाही त्याच क्षणी अडकल्यासारखं होतं का? होत असेल तर सर्व्हर दमला आहे. फक्त बाहेरच्यांना होत असेल तर दोष इंटरनेटचा.

माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० टिक, म्हणजे खेळातलं जग पुढे सरकवणाऱ्या फेऱ्या, चालवतो, म्हणजे प्रत्येक टिकचं काम ५० मिलिसेकंदांत संपायला हवं. ते संपलं नाही की तोडलेला ब्लॉक परत उगवतो, प्राणी जागच्या जागी थिजतात आणि लॉगमध्ये ‘कान्ट कीप अप’ अशी ओळ येते. सर्व्हर सुरू होताना किंवा नवा प्रदेश उघडताना ती एखादेवेळी आली तर सोडून द्या, दर मिनिटाला येत असेल तर लक्ष द्या. सगळ्यात जास्त फरक ‘व्ह्यू डिस्टन्स’ (किती दूरचं जग दाखवायचं) आणि ‘सिम्युलेशन डिस्टन्स’ (किती दूरचं जग चालतं ठेवायचं) कमी केल्याने पडतो. दोन्ही मूळ १० असतात, ६ वर आणून बघा. टिकचं मुख्य काम एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालतं, म्हणून खूप कोअर असलेल्या प्रोसेसरपेक्षा वेगवान कोअर असलेला कामाला येतो. आणि आठ जीबी रॅम असलेल्या यंत्रात सर्व्हरला सातही देऊ नका. विंडोजची उपासमार होते आणि सगळंच रखडतं, चार पुरे.

इंटरनेटच्या बाबतीत लोक डाउनलोडचा वेग बघतात. सर्व्हरला लागतो तो अपलोड. एक प्रयोग करून बघा. सर्व्हरच्या यंत्रावरून एखाद्या वेबसाइटला सलग पिंग करत राहा, म्हणजे तिचं उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजत राहा, आणि त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावरून मोठा व्हिडिओ अपलोड करायला लावा. पिंगचा आकडा ३० वरून ४०० वर गेला तर अपलोडची रांग तुंबते आहे, आणि कुणाचा तरी मोबाइल रात्री फोटोंचा बॅकअप घेऊ लागला की मित्रांना झटके बसणार. राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ (ही रांग आवरणारी सोय) असेल तर चालू करा, नसेल तर बॅकअपची वेळ बदला. वायफायऐवजी केबल लावणं हा उपाय साधा आहे, म्हणून तो टाळला जातो. टाळू नका.

मधेच बंद पडतो

बरोबर अर्ध्या तासाने सगळे बाहेर फेकले जात असतील तर लॅपटॉप झोपी जातो आहे. पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ बंद करा.

मॉड, म्हणजे गेममध्ये भर घालणारे इतरांनी बनवलेले प्रोग्राम, टाकल्यावर क्रॅश होत असेल तर क्रॅश रिपोर्टमध्ये ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी सगळ्यात खालची ओळ वाचा, तिथे बहुधा मॉडचं नाव असतं. नसेल तर अर्धे मॉड बाजूला काढा. क्रॅश थांबला तर दोषी त्या अर्ध्यांत, नाही तर उरलेल्यांत. ६४ मॉड असले तरी सहा फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येतं. ही छाटाछाटी खऱ्या जगावर करू नका, त्याची प्रत काढून तिच्यावर करा. मॉड काढलं की त्याचे ब्लॉकही जगातून पुसले जातात.

बॅकअप घेताना चालत्या सर्व्हरचं फोल्डर सरळ कॉपी करू नका. अर्धवट लिहिलेली फाइल हाती लागते. आधी ‘सेव्ह-ऑफ’, मग ‘सेव्ह-ऑल’, मग कॉपी, मग ‘सेव्ह-ऑन’. शेवटचं विसरलात तर त्यानंतरचा सगळा खेळ जतन न होता राहतो, म्हणून ते वहीच्या मुखपृष्ठावरच लिहून ठेवा. सर्व्हर बंद करताना खिडकी ओढून बंद करू नका, ‘स्टॉप’ टाइप करा.

दार उघडं ठेवताना

पोर्ट उघडला की तो फक्त मित्रांना दिसत नाही. २५५६५ वर कोण ऐकतंय हे शोधत फिरणारे आपोआप चालणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. त्यामुळे व्हाइटलिस्ट पहिल्या दिवसापासून चालू ठेवा आणि ‘ऑनलाइन-मोड’ ट्रू राहू द्या. तो फॉल्स केला की कुणीही तुमचं नाव लावून आत येऊ शकतं, तुमचे ॲडमिनचे अधिकार घेऊन. राउटरमधला ‘डीएमझेड’ हा शॉर्टकट वापरू नका, त्याने एक पोर्ट नाही तर यंत्राचे सगळे पोर्ट बाहेर उघडे पडतात.

सर्व्हर अपडेट ठेवा, जुन्या आवृत्तीवर कितीही जीव असला तरी. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग लिहिणाऱ्या लॉगफोरजे या जावा लायब्ररीत अशी फट सापडली की चॅटमध्ये टाकलेल्या एका ओळीने सर्व्हरच्या यंत्रावर परका प्रोग्राम चालवता येत होता. १० डिसेंबरला आलेल्या १.१८.१ मध्ये ती बुजवली गेली. १.७ पासूनच्या जुन्या आवृत्त्यांचे सर्व्हर चालवायचे असतील तर त्यांच्यासाठी दिलेली दुरुस्ती हाताने लावावी लागते.

महिना-दोन महिने खेळणार नसाल तर राउटरमधला नियम पुसू नका, त्याच्यापुढची चालूची खूण तेवढी काढा. पुन्हा मंडळी जमतील तेव्हा घरातला पत्ता तोच आहे ना एवढं पाहून ती परत लावता येते.